गाणं बदलवलं कोणी

आपण ज्या माणसाला पेशंटची समजूत घालायला बोलावलं, त्यानं खाटेजवळ स्टूल ओढून पेशंटशीच भांडण उकरून काढावं, याला काय म्हणावं? मी तर म्हणते, कपाळ आपलं. सावंगीच्या दवाखान्यात नाक-कान-घशाच्या वॉर्डात माझे बाबा पडले होते. स्वरयंत्राला कॅन्सर. ऑपरेशन केलं तर वाचतील, नाहीतर नाही, इतकं साधं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाबा नाही म्हणून अडून बसलेले. आणि हे रोहण्याचे काका आले, बाबांच्या उशाची मोसंबी सोलली, स्वतःच खाल्ली आणि म्हणाले, "तर मंग, बॅंजोवाला मोठा का बाई मोठी?"

गावावरून ते रोहण्याचे काका, आमच्या नात्यातले नाहीत. नात्यातला माणूस इतकी वर्षं टिकत नाही. बाबांची एक गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, बॅंजो, मागे कोरस धरणारे दोघं-तिघं आणि पुढे माइकवर बाबा. नोकरी बांधकाम खात्यात, पण जीव सगळा गाण्यात. जयंती असो, विहाराचं उद्घाटन असो, कोणाच्या लेकराचं नामकरण असो, केळझरच्या बाजूला पार्टी आमचीच. तिकडे आर्वीकडे रोहण्याच्या काकांची. गाव हौशी असलं की दोन्ही पार्ट्यांना बोलवायचं आणि मुकाबला लावायचं. एका पार्टीनं आपल्या बारीत गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिच्या बारीत जवाब द्यायचा, तोही गाण्यातूनच, तिथल्या तिथे जुळवून. त्यात एकच कायदा होता. जवाब न देता जो स्टेजवरून उतरला तो हरला. मग लाइट गेली, पाऊस आला, ताप भरला, काही चालत नाही. सवाल अंगावर घेऊन माणूस उठू शकत नाही.

आता मुकाबले बंद पडले. पोट्ट्यांना डीजे लागतो. बाबांचा ढोलकीवाला वारला, पेटीवाला पोराकडे पुण्याला गेला, कोरसवाल्यांपैकी एक वारला आणि दुसऱ्याला आता ऐकूच येत नाही. पार्ट्या मोडल्या, पण ह्या दोघांचा वाद काही मोडला नाही. मी लहान होते तेव्हापासून ऐकते आहे. कोणाच्या लग्नात भेटले तर पंगतीत, कोणाच्या मयतीत भेटले तर सरणापाशी. वाद असा, की आपल्या भागात गाणं बदलवलं कोणी?

बाबांचं म्हणणं, केळझरकडच्या त्या बॅंजोवाल्यानं. त्यानं म्हणे जुन्या रेडिओचा कोणतासा तुकडा बॅंजोला डकवला, वायर भोंग्याला जोडली, आणि ज्या गाण्याला पहिल्या चार रांगांच्या पलीकडे कोणी ऐकत नव्हतं ते शेजारच्या गावापर्यंत गेलं. माणसं बसून ऐकत होती ती उठून नाचायला लागली. रोहण्याच्या काकांचं म्हणणं, छट्, आर्वीकडच्या त्या बाईनं. ती पहिल्यांदा कडेवर लेकरू घेऊन स्टेजवर चढली आणि पुरुषांच्या मुकाबल्यात जवाब देऊन आली. तोवर बाया मंडपाच्या मागे अंधारात बसत. ती गायला लागली तशा पुढे आल्या, आणि बाया पुढे आल्या तशी गाणी बदलली. वाद्य बदललं म्हणून गाणं बदलत नाही, ऐकणारं बदललं की गाणं बदलते, हा काकांचा मुद्दा. अहो, ऐकणारं आलं कशानं, भोंग्यानं न, हा बाबांचा मुद्दा. झालं. इथून पुढे गाडी हलत नाही.

मी वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवते. माझं डोकं असं आहे की आधी व्याख्या, मग सिद्धता. एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी या दोघांना समोर बसवून विचारलं, की बदल म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता? चाल, शब्द, वाद्य, की ऐकणारे लोक? ते आधी ठरवा, मग पुढे भांडा. दोघं माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी पंगतीत वरणाला फोडणी कोणत्या तेलाची हे विचारलं. मग बाबा काकांना म्हणाले, पोट्टी शिकली पण सुरात नाही. दोघंही हसले. त्या एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत.

आणि ते खरंही आहे. मला सूर नाही. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवते, मुख्याध्यापकांनीच तशी विनंती केली आहे. बाबांनी मी लहान असताना मला कोरसमध्ये उभं करून पाहिलं होतं. एका कार्यक्रमानंतर पार्टीतल्या बॅंजोवाल्यानं सांगितलं की पोरगी राहू द्या किंवा बॅंजो राहू द्या. तेव्हापासून मी गाण्यापासून चार हात लांब. मला गाणं आवडत नाही असं नाही. मला त्यावरचा वाद आवडत नाही. आमच्या घरात पाहुणा आला की चहाच्या आधी वाद यायचा, माझ्या परीक्षा वादात गेल्या, माझं लग्न ठरवायला आलेली माणसं वाद ऐकून परत गेली आणि आईनं ते स्थळ पुन्हा हातापाया पडून बोलावलं.

तर हे असं सगळं असताना बाबांचा घसा बसला. आधी वाटलं, तंबाखूचा खर्रा आणि विड्या, बसणारच. मग गोळी-औषधं झाली, मग सावंगी झालं. डॉक्टर तरुण, शांत, आणि खोटं न बोलणारे. ते म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासाला मानेत कायमचं भोक ठेवावं लागेल. पहिलं वर्ष सांभाळायचं, ते सरलं की बरीचशी काळजी सरेल. आणि आवाज? आवाज जाईल. पुढे एखादं यंत्र लावता येईल, बोलणं जमेल थोडंफार. बाबांनी बसल्या घशानं विचारलं, "गाणं?" डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

त्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आवाज गेल्यावर जगून कायले राहू, म्हणाले. हेच रोज. आईनं समजावलं, मी समजावलं, माझा नवरा बिचारा नोकरीवरून थेट यायचा, त्यानंही समजावलं. मी इंटरनेटवरून दोन माणसांचे व्हिडिओ काढून दाखवले, ऑपरेशननंतर यंत्रानं बोलणाऱ्यांचे. बाबा म्हणाले, हे तर डब्ब्यातून बोलून राह्यले. आई शेजारी बसून हे ऐकत होती. ती एकदम उठली, खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी काय तुमच्या गळ्याशी लगन लावलं होतं काय?"

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलंही नाही, आणि आई रडायला लागली. आईला इतकं रडताना मी आजीच्या मयतीतही पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला की मी खाली उतरून कॅन्टीनमध्ये चहा मागवला आणि तसाच ठेवून आले. गाणं नाही तर जगणं नाही! आम्ही कोण मग? मी कोण? सुरात नाही म्हणून हिशेबातही नाही का?

त्याच रागात मी रोहण्याच्या काकांना फोन लावला. म्हटलं, काका, बाबा तुमचंच ऐकतील. तुम्हीही गाणारे, त्यांना तुम्हीच सांगू शकता. सोमवारी डॉक्टर शेवटचं विचारणार आहेत. काकांनी खाटेचा नंबर विचारला. मग म्हणाले, येतो.

आले. आणि मोसंबी खाऊन बॅंजो काढला.

मला वाटलं, सुरुवात म्हणून काढला असेल, मन वळवायला. छे! दुसऱ्या दिवशी पुन्हा रोहण्यावरून बस पकडून आले आणि पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सिस्टर सांगून सांगून थकली की पेशंटला बोलू देऊ नका. बाबा कुजबुजत भांडायचे, काका मोठ्यानं. ऐकणाऱ्याला वाटावं एकटा माणूसच भांडून राहिला आहे. भेटीची वेळ संपली की वॉर्डबॉय यायचा, तो दाराशी उभा राहून आधी मुद्दा ऐकून घ्यायचा आणि मग बाहेर काढायचा.

आणि रोग पसरावा तसा वाद वॉर्डात पसरला. शेजारच्या खाटेवर सेलूकडचे एक भाजीवाले शेतकरी होते, कानाचं ऑपरेशन झालेले, डोक्याला ही मोठी पट्टी. त्यांना काही धड ऐकू येत नव्हतं, तरी मत होतंच. ते म्हणायचे, बॅंजो नाई न बाई नाई, गाणं बदलवलं वरातीच्या बॅंडवाल्या मास्तरनं. पहिले वरातीत इंग्रजी कवायतीच्या चाली वाजायच्या, त्या मास्तरनं क्लॅरोनेटवर सिनेमातली गाणी वाजवली तवापासून लोकं वरातीत नाचू लागले. त्यांची बायको वांगी निवडावी तसा एकेक शब्द निवडून म्हणायची, की आमच्या घरात तर गाणं कॅसेटवाल्यानं आणलं, त्याच्या आधी आमच्या घरात गाणं होतंच कुठे? त्यावर काका उडी मारून म्हणाले, बघा, बाईच बोलली! बाबा म्हणाले, कॅसेट वाजते कायच्यावर, भोंग्यावरच न? नवऱ्यानं बायकोला विचारलं, काय म्हणून राह्यले? तिनं त्याच्या चांगल्या कानात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, चूक आहे. कोण चूक, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मी दाराशी डबा घेऊन उभी. डब्यात आईनं केलेली पातळ खिचडी, बाबांना गिळवत नव्हतं म्हणून घोटून घोटून केलेली. ती थंड होत चालली होती. माणूस मरायला टेकला आहे आणि इथे निवडणूक चालू आहे, असं वाटून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी मी काकांना व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, काका, तुम्हाला मी कशासाठी बोलावलं होतं? इथे बॅंजोची सुनावणी करायला? परवा सोमवार आहे. ते नाही म्हणाले तर डॉक्टर सुट्टी देतील, आणि मग घरी नेऊन मी काय करू? तुम्ही एकदा तरी, एकदा तरी ऑपरेशनचं नाव काढलं का? मी भरभर बोलत होते आणि बोलता बोलता रडत होते, आणि मला रडायचं नव्हतं म्हणून अजून चिडत होते. लोक बघत जात होते.

काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. म्हणाले, "काय सांगू म्या त्याले? तो इचारन, रोहणेवाल्या, तुहा गळा कापला तर तू जगशीन काय? मंग म्या काय सांगू? मले त्याच्यापाशी खोटं बोलता येत नाई, पोरी."

काका बसला उशीर होतो म्हणून निघून गेले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा असं धरून चालले की बाबा जाणार. घरी आल्यावर शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या आणि एकाही मुलाचं गणित मला बरोबर दिसेना.

रविवारी काका आले ते वेगळेच. पांढराशुभ्र सदरा, गळ्यात निळा दुपट्टा, केसांना तेल. स्टेजवर चढायचे तेव्हाचा हा त्यांचा पोशाख, मी लहानपणी पाहिलेला. स्टुलावर बसले नाहीत. खाटेपासून जरा लांब उभे राहिले, चपला काढल्या, एक हात कानावर ठेवला. सिस्टर औषधाची ट्रॉली घेऊन येत होती, ती तिथेच थांबली. काकांचाही आवाज आता पूर्वीचा नाही, वरच्या सुरात चिरकतो. पण त्यांनी सूर धरला आणि म्हटलं,

"बॅंजो तुह्या गावचा वाजे, लोकं झाली दंग,
माय राह्यली चुलीपाशी, बदललं काय सांग?"

दोनदा म्हटलं, जशी पद्धत आहे. दुसऱ्यांदा शेवटच्या शब्दावर बोट बाबांकडे. आणि हात खाली घेऊन म्हणाले, "सवाल टाकला केळझरवाल्या. जवाब जयंतीले, आमच्या विहारापुढं. तोवर उठायचं नाई."

कानाच्या पट्टीवाल्यांनी बायकोला काही विचारलं नाही. बाबा उशीवरून उठून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, तो राग होता. म्हणाले, लबाडी आहे ही. आवाज कापून राह्यले माहा, जवाब कायनं देऊ? काका म्हणाले, कोरसनं दे. पार्टीतल्या कोणीही जवाब देल्ला तरी चालते, हा नियम तूच पुलगावच्या मुकाबल्यात माह्या डोक्यावर मारला होता. बाबा म्हणाले, कोरस कुठं राह्यली आता माही? काकांनी हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. हसताना खोकला लागला, सिस्टर धावली, पाणी झालं, पाठ चोळणं झालं, तरी हसणं थांबेना. डोळ्यांतून पाणी. "इले?" एवढंच म्हणाले.

"मंग हरला म्हण," काका म्हणाले. "आताच म्हण. चारचौघात म्हण, म्हणजे मी आपला बस धरतो."

बाबांचं हसू गेलं. त्यांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग मला म्हणाले, "डॉक्टरले बलाव."

आई उठून उभी राहिली होती ती पुन्हा मटकन खाली बसली. मी डॉक्टरांना शोधायला धावले. जिन्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की या सगळ्यात मला कोणी विचारलंच नाही. बायको रडली तर नाही, पोरगी रडली तर नाही, आणि सवाल टाकला तर लगेच हो! संताप आला होता, हसूही येत होतं, आणि मी जिन्यातच कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिले.

ऑपरेशन झालं. त्याबद्दल फार लिहिवत नाही. माणूस घरी आला, मानेला पांढरा कापडी पट्टा, त्याच्यामागे ते भोक, आणि घरात आवाज नाही. सकाळी उठल्या उठल्या गुणगुणणारा माणूस तोंड धुऊन ओसरीत गप्प बसलेला बघवत नव्हतं. आईनं रेडिओ लावायचं सोडून दिलं. मी शाळेतून पहिलीच्या मुलांची असते तशी पाटी आणून दिली. मला वाटलं, पहिलं काही लिहितील ते पाणी, नाहीतर दुखतं, नाहीतर आईचं काही. बाबांनी खडू घेतला आणि लिहिलं, "पट्टी वरची घेजो."

पट्टी म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता आहे. गाण्याचा सूर कोणत्या उंचीवर धरायचा ते. मला ती उंची एकदा सापडायची आणि चहा पिऊन आले की हरवायची. मग सुरू झाला माझा छळ. रोज शाळा सुटली की माहेरच्या ओसरीत येऊन बसायचं. बाबा पाटीवर ओळ लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. जवाब जमत नव्हता त्यांचाही, आणि तो राग माझ्यावर. एका हातानं माझं मनगट धरून दुसऱ्या हातानं त्यावर ताल मोजायचे. चुकलं की बोलता येत नाही म्हणून पाटीवर चापट. इतक्या चापटा, की पाटीची चौकट निखळली. मी म्हटलं, बाबा, मी उद्यापासून येणार नाही, माझ्या दहावीच्या मुलांचा अभ्यासक्रम राहिला आहे. त्यांनी लिहिलं, "त्याईले पास कर." शेजारची वहिनी येऊन विनम्रपणे विचारून गेली की तुमच्याकडे कोणाची तब्येत बिघडली का. आई पदर तोंडाला लावून आत गेली. ती हसत होती हे मला दिसलं. घरात हसू परत येत होतं आणि ते माझ्या खर्चानं येत होतं.

आणि जवाब जमल्यावर मला तो पटला, हे आणखी वाईट. इतकी वर्षं मी म्हणत होते की या वादाला ना शेंडा ना बुडखा. बाबांनी दोन ओळींत बुडखा दाखवला. त्यांनी लिहिलेलं वाचून मी बराच वेळ पाटी हातात धरून बसले होते, मग नेहमीसारखी चिडून म्हणाले, चला, कितव्या मात्रेवर उठायचं ते सांगा.

जयंतीला आम्ही रोहण्याला गेलो. विहारापुढे मंडप, निळ्या पताका, बाजूला डीजेचा हा उंच ट्रक. काकांनी पोट्ट्यांच्या हातापाया पडून एका बारीपुरता तो बंद करवला होता. पोट्टे ट्रकवर पाय सोडून बसले होते, कधी एकदा हे म्हातारं आटोपतं म्हणून. काकांनी कुठून तरी एक ढोलकीवाला आणि एक जुना बॅंजोवाला धरून आणला होता. त्या बॅंजोच्या वायरीतून नुसती खरखर येत होती. काकांनी दुपट्टा सावरला, सवाल म्हटला आणि बाजूला झाले.

मी माइकसमोर गेले. समोर लोक, ट्रकवर पोट्टे, पुढे सतरंजीवर म्हाताऱ्या बाया, लेकरं मांडीवर घेऊन. पट्टी विसरले. जी मिळाली तिच्यात सुरू केलं आणि पहिल्याच शब्दाला ट्रकवरून हशा आला. मी थांबले. मला पळून जायचं होतं. मागे स्टेजच्या फळीवर थाप पडली. बाबा खाली बसून तळहातानं ताल देत होते, फळी दणादण हलत होती आणि मानेच्या पट्ट्यामागून त्यांचा श्वास जोरजोरात वाजत होता. मी त्यांच्याकडे न बघता डोळे मिटून म्हटलं,

"चुलीपाशी पोचला कोण? ना तुहा ना माहा गळा,
भोंग्यातून बॅंजो गेला, माय आली मांडवतळा."

दुसऱ्यांदा म्हणायला लागले तर माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुढच्या बाया म्हणत होत्या. त्यांच्यातली एक अगदी म्हातारी, दात नसलेली, हात वर करून म्हणत होती, माय आली, माय आली. पोट्टे हसायचे थांबले होते. मी सुरात होते असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी कोणाला फरक पडला असं वाटलं नाही.

टाळ्या थांबल्यावर सगळे काकांकडे बघायला लागले. जवाब मान्य आहे की नाही हे सवाल टाकणाऱ्यानं सांगायचं असतं. काका माइकजवळ आले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मानेच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. मला वाटलं आता म्हणतील, जिंकला केळझरवाला, आणि संपेल एकदाचं. दुपट्टा डोळ्यांशी नेला. मग घसा साफ करून म्हणाले,

"जवाब अधुरा आहे."

मंडपात एकच गलका झाला. बाया ओरडायला लागल्या, अहो अधुरा कसा? बाबा ताडकन उठले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. बोलता येत नाही तो माणूस किती भांडू शकतो हे त्या दिवशी रोहण्यानं पाहिलं. त्यांनी माझ्या पिशवीतून पाटी ओढली, खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं आणि काकांच्या नाकासमोर धरली. काकांनी चष्मा लावून माइकवर वाचलं, "केळझरवाला म्हणते, पुढल्या जयंतीले."

हा तोच माणूस, जो भिंतीकडे तोंड करून म्हणाला होता, जगून कायले राहू. मी कपाळावर हात मारून घेतला. अजून एक वर्ष रियाज, अजून एक वर्ष मनगटावर थापा. काका खाली उतरताना माझ्याजवळून गेले. मी म्हटलं, काका, अधुरा कुठे होता हो? ते म्हणाले, तू गणितवाली आहेस, तूच शोध. आणि डोळे पुसत नळावर पाणी प्यायला गेले. ट्रकवर पोट्ट्यांनी डीजे सुरू केला, पुढचं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिवस मोजले, डॉक्टरांनी सांगितलेलं पहिलं वर्ष पुढल्या जयंतीच्या आत सरतं, आणि बाबांसाठी नवी पाटी विकत आणली. जुनी, "पुढल्या जयंतीले" लिहिलेली, घरातल्या फळीवर ठेवली आहे, आणि ती मी कोणालाही पुसू देत नाही.